जवळ्याच्या कडेने

आमच्या शाळेच्या बसच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘सावकाश, आत मुले आहेत.’ ते वाचलं की माझं डोकं फिरतं. आतल्या मुलांना काय होणार आहे? ती बसलेली असतात, भांडत असतात, डब्यातलं उरलेलं खात असतात. जे व्हायचं ते खाली उतरलेल्या मुलांचं होतं. पहिलीतला तो मुलगा उतरला होता. बसच्या दृष्टीने तो घरी पोचला होता. घराच्या दारापासून हाकेच्या अंतरावर तो मागच्या चाकाखाली गेला.

मी पालघरच्या एका इंग्रजी शाळेत तिसरीला शिकवते. माहेर माझं दातिवऱ्याचं. बाप होडीवर, आई मासळी सुकवून बाजारात नेणारी. लग्न होऊन पालघरात आले, साडीला इस्त्री करायला शिकले, पण खाडीपलीकडून वारा आला की कुणाच्या अंगणात काय वाळतंय ते मला अजून नाकाने कळतं. शाळेची एक बस किनाऱ्याच्या गावांतून मुलं आणते. हल्ली कोळ्यांची पोरंही इंग्रजी शाळेत येतात. आईबाप पहाटेपासून राबतात आणि पोरांना टाय बांधून बसमध्ये चढवतात. तो मुलगा त्याच बसने यायचा. त्याची मोठी बहीण माझ्या वर्गात होती.

अपघात झाला तेव्हा मी बसमध्ये नव्हते. कुणीच मोठं माणूस नव्हतं, फक्त ड्रायव्हर. मुलांना चढवायला-उतरवायला बाई ठेवायचं शाळेत नुसतं बोलणं चालू होतं. मुलगा गेल्यावर आठवड्याच्या आत सगळं झालं. बाई नेमायचं ठरलं, ती मिळेपर्यंत एका शिक्षिकेने बसबरोबर जायचं ठरलं, आरसे नवीन बसले, पालकांच्या सह्या झाल्या. बैल गेला आणि झोपा केला. आमच्या मुख्याध्यापिका सभेत म्हणाल्या, “मुलांना शिस्त लावली पाहिजे. बस हलायच्या आत त्यांनी लांब व्हायला हवं.” मी मागच्या रांगेत बसले होते. शिस्त हा शब्द ऐकून मी मान हलवली, कारण तोवर मलाही तसंच वाटत होतं.

सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. पोरगं मस्तीखोर होतं. उतरलं ते सरळ घरी जायचं सोडून बसला हात लावत मागे गेलं, खेळत असणार. स्टाफरूममध्ये हेच, बाजारात हेच. सहा वर्षांचं मूल मेलं की लोकांना त्याचा काहीतरी गुन्हा शोधावा लागतो, नाहीतर रात्री झोप येत नाही. ड्रायव्हरला पोलिसांनी धरलं. तो बोईसरला कंपन्यांच्या गाड्या चालवून आलेला, उत्तरेकडचा माणूस. जामिनावर सुटला आणि आपल्या मुलखाला निघून गेला. जाण्याआधी शाळेच्या फाटकाबाहेर उभा होता. मला बघून म्हणाला, “मॅडम, मैंने तो गाडी दूर ही लगाई थी. वो लोग का सुखाने का माल पड़ा था ना.” मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मी तोंड फिरवून आत गेले. मला त्याचा राग आला होता, तो मी कशाला लपवू.

बसबरोबर जायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. “तुम्ही तिकडच्याच ना,” असं म्हणून. पहिल्या दुपारी मी निघाले तेव्हा बसमध्ये एरवीचा गोंगाट नव्हता. मुलाची बहीण अजून शाळेत यायला लागली नव्हती. तिची खिडकीजवळची जागा मुलांनी रिकामी ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

ते गाव म्हणजे एक लांबलचक रस्ता. डाव्या हाताला घरं, घरांमागे समुद्र, उजव्या हाताला गटार आणि मग खाजणाची दलदल. दिवाळीनंतर जवळा येतो. कधी न पाहिलेल्यांसाठी सांगते, जवळा म्हणजे बोटाच्या नखाएवढी कोलंबी. ती ढिगाने येते आणि त्याच दिवशी उन्हात पसरली नाही तर कुजते. वाळूत पसरली तर रेव लागते, आणि रेव लागलेल्या जवळ्याला कुणी विचारत नाही. पूर्वी गावामागे सारवलेली खळी होती, ती समुद्राने एकेक करून खाल्ली. मग राहिला डांबरी रस्ता. डांबर तापतं, जवळा एका दिवसात खडखडीत होतो. म्हणून बाया घरासमोरचा अर्धा रस्ता झाडून घेतात आणि त्यावर जवळा घालतात, पातळ, एकसारखा, सतरंजी अंथरल्यासारखा. गाड्या उरलेल्या अर्ध्या रस्त्याने जातात. कुणी नवखा जवळ्यावर चाक घालून गेला तर बाया त्याला गाडीतून खाली उतरवून अशा शिव्या देतात की पुन्हा त्याची हिंमत होत नाही. त्या ड्रायव्हरलाही पहिल्याच आठवड्यात दिल्या होत्या. तेव्हापासून तो शहाण्यासारखा बस जवळ्याला टेकवून, रस्त्याच्या मधोमध उभी करायचा.

नव्या ड्रायव्हरनेही तशीच उभी केली. दार उघडलं. मी आधी उतरले. समोर जवळा, त्याच्यापलीकडे घरं, दहाएक पावलांवर. जवळा आणि बस यांच्या मध्ये जेमतेम माझ्या पायाच्या लांबीएवढी जागा. मुलं उतरली आणि एकामागून एक डावीकडे वळून, पाठ बसच्या पत्र्याला लावून, मागच्या चाकाच्या दिशेने सरकत निघाली. जवळा संपतो तिथपर्यंत जायचं आणि मग घराकडे वळायचं, असा त्यांचा रस्ता. मी ओरडले, “अरे, कुठे चाललात? इकडून या!” आणि त्यांना अडवायला मीही निघाले. तीन-चार पावलं गेल्यावर मी खाली पाहिलं. माझी पाठ पत्र्याला घासत होती, साडीची निरी मी हाताने वर धरली होती, आणि माझे पाय जवळ्याच्या कडेने, अगदी दोरीवर चालल्यासारखे, एकापुढे एक पडत होते.

मी तिथेच थांबले. मला कुणी सांगितलं नव्हतं असं चालायला. म्हणजे सांगितलं होतं, पण ते चाळीस वर्षांपूर्वी. लहानपणी मी एकदा पकडापकडीत आईच्या जवळ्यातून धावत गेले होते. आईने केरसुणीच्या दांड्याने माझ्या पोटऱ्या फोडून काढल्या. मारत होती आणि रडत होती. “बापूस तुजा जीव घेऊन दर्यात जातो, आन तू त्यावर पाय देतेस?” मग मला हात धरून बसवलं आणि ज्या ज्या ठिकाणी पाय पडला होता तिथे तिथे बोट लावून ते कपाळाला लावायला लावलं. किनाऱ्यावरच्या कुठल्याही बाईला विचारा, तिची अशीच एक गोष्ट निघेल. आमच्याकडे मूल चालायला लागलं की आधी हे शिकतं. त्यानंतर बोलायला.

मला आता सगळं कळलं होतं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. त्या मुलाने मस्ती केली नव्हती. तो आईचं ऐकत होता. जवळ्याला पाय लागू नये म्हणून तो पत्र्याला चिकटून चालला होता. ड्रायव्हरने समोर पाहिलं, रस्ता मोकळा होता. बस मधोमध उभी होती म्हणून पुढे गेल्यावर डावीकडे आपल्या बाजूला घ्यायला लागली, आणि लांब गाडी वळताना मागचं चाक आत येतं. आत, म्हणजे त्या पाऊलभर जागेत. बायांनी माल जपला, ड्रायव्हरने बायांचा मान राखला, पोराने आईचा. सगळे शहाण्यासारखे वागले आणि पोर गेलं. ह्याला शिस्त कमी पडली म्हणायचं?

मी शाळेत हे बोलले असते तर पोराच्या नावाचा मस्तीखोरपणा पुसला गेला असता. पण मग दुसरं काहीतरी लिहिलं गेलं असतं, आणि ते त्याच्या आईच्या नावावर. शिकवलं कुणी? आईने. मी गप्प बसले. माझ्यापरीने वाट काढायला बघितलं. ड्रायव्हरला सांगितलं, मी पत्र्यावर थाप मारेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. बायांना हात जोडून म्हटलं, बस थांबते तेवढी जागा मोकळी सोडा. सोडली त्यांनी. मुलगा सगळ्यांचाच गेला होता, कुणी हुज्जत घातली नाही. पण मोठ्या भरतीनंतर जवळा भरभरून यायला लागला तशी ती जागा रोज थोडी थोडी आत येत गेली. वाईट हेतूने नाही. टोपलीत उरलेला चार मुठी जवळा कुठे घालायचा, तर इथे. आणि बसच्या मागे कंपन्यांचे टेम्पो येऊन हॉर्न वाजवायला लागले की नवा ड्रायव्हरही माझ्या थापेची वाट बघेना.

मुलांना सांगितलं, पाय पडला तर पडू दे, सरळ जा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना देवळात थुंकायला सांगतेय. मी स्वतः करून दाखवावं म्हणून एक दिवस जवळ्यावर पाय ठेवला. ज्या बाईचा जवळा होता ती ओटीवरून ओरडली, “बाई, तुमी दातिवऱ्याच्या ना? तुमाला पन कलत नाय?” पोरं बघत होती. आता ती काय माझं ऐकणार?

मग त्याची बहीण शाळेत यायला लागली. नवव्या वर्षी तिच्या चेहऱ्यावर मोठ्या बायकांसारखं काहीतरी आलं होतं. वर्गात विचारलं तर उत्तर द्यायची, नाही विचारलं तर नाही. बसमध्ये भावाची जागा तिच्या शेजारची. तिथे ती दप्तर ठेवायची. पहिल्या दिवशी उतरताना मी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला, दप्तर छातीशी घेतलं, पाठ पत्र्याला लावली आणि भाऊ जसा गेला असेल तशीच सरकत निघाली. त्याच जागेवरून. मागच्या चाकाकडे.

आणि त्याच आठवड्यात एका दुपारी, ती पत्र्याला चिकटलेली असताना, मागून टेम्पोने हॉर्न दिला आणि आमच्या ड्रायव्हरने ब्रेक सोडला. बस हातभर सरकली. मी दोन्ही हातांनी पत्रा बडवला, काय ओरडले ते मला आठवत नाही. बस थांबली. चाक तिच्या बुटापासून किती लांब होतं ते मी मोजलं नाही, मोजायचं धाडसच नव्हतं. ती हलली नव्हती. तिच्या बुटांची टोकं आत वळलेली होती, जवळ्याला लागू नयेत म्हणून. मी तिला खेचून मिठीत घेतलं आणि रागाने म्हटलं, “अगं, पाय द्यायचा ना! तुडवायचा ना तो!” ती म्हणाली, “आई रागवंल.”

माझा शब्द काय कामाचा? तिच्या पायांना ज्या बाईने शिकवलं होतं, तिनेच ते परत घ्यायला हवं होतं. आणि तिला हे सांगायचं म्हणजे तिचा मुलगा का गेला तेही सांगायचं. मी ड्रायव्हरला काढायला लावू शकत होते, दुसरा येऊन तोही हॉर्नला घाबरला असता. रोज मी तिथे असणार, कशावरून? नवी बाई नेमली की माझी ड्युटी संपणार होती. एक मूल गेलं होतं आणि दुसरं मी रोज दुपारी त्या फटीत उतरवत होते.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. नवरा समुद्रावर होता. ती मागच्या पडवीत बोंबील साफ करत बसली होती. उठली, हात धुतले, मला पाट दिला, चहा ठेवला. दारामागे मुलाचे शाळेचे बूट होते, पॉलिश केलेले. ते का पॉलिश केले होते हे मी विचारलं नाही. मी मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलले, अक्षराबद्दल बोलले, पाढ्यांबद्दल बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवत होते. तिने माझ्यासमोर कप ठेवला आणि म्हणाली, “बाई, शालेत म्हनतात माजा पोर मस्ती करत व्हता?”

मी म्हटलं, “म्हणतात ताई. पण ते खरं नाही.”

“म्हाईत हाय मला,” ती म्हणाली. “जवला माजाच व्हता त्या दिवशी.”

मला हे माहीत नव्हतं. कुणीच मला सांगितलं नव्हतं. ती पुन्हा बोंबील घेऊन बसली. हात चालू ठेवूनच बोलत होती, खाली बघून.

“मी वटीवर व्हते. आवाज आला. मी धावले. पोर माजा समोर पडलेला, मला दिसत व्हता. मदी जवला. न मी वलून धावले, बाई. कडेनं. माज्या पोराकडं जाताना मी जवल्यावर पाय नाय दिला.”

चहावर साय आली. मी कप उचलला नाही.

“सांजला बगितला तो जवला,” ती म्हणाली. “तसाच व्हता. एक पाऊल नाय उठलेला त्यावर. त्याचा नाय, न माजा पन नाय. मंग कोन सांगतंय मला, मस्ती करत व्हता?”

मला रडू आलं. तिला आलं नाही. मी जे लपवून ठेवलं म्हणून रात्री तळमळत होते, ते तिच्यापाशी पहिल्या संध्याकाळपासून होतं, माझ्याहून जास्त. मी निघावं असं मला वाटलं. बाईने इतकं सोसलंय, आता आणखी काय सांगायचं? पण ज्यासाठी गेले होते ते तसंच राहिलं असतं. म्हणून म्हटलं, “ताई, पोरगीपण तशीच जाते. कडेकडेने. पाठ बसला लावून.”

तेव्हा तिचे हात थांबले. हे तिला ठाऊक नव्हतं. तो गेल्यापासून बस यायच्या वेळी ती रस्त्याकडे येतच नव्हती, आतल्या खोलीत दार लावून बसायची. आणि जवळा तर तिने त्या दिवसानंतर घातलाच नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, “रोज?”

“रोज,” मी म्हटलं, आणि बस सरकली होती तेही सांगितलं.

तिने हातातला बोंबील खाली ठेवला. मी निघाले. रिक्षात मला वाटत राहिलं की मी त्या बाईला दुसऱ्यांदा मारून आले.

सोमवारी दुपारी बस गावात शिरली. लांबूनच मला दिसलं की थांब्याच्या जागेवर जवळा घातला आहे, ओला, ताजा, चांगला भरगच्च. मनात म्हटलं, आज तेवढीही जागा सोडली नाही, आता ह्या बायांशी भांडणच. मग बस जवळ गेली. जवळ्याच्या मधोमध ती उभी होती, अनवाणी. पाय घोट्यापर्यंत माखलेले. ओट्यांवर बाया उभ्या होत्या. एकही बोलत नव्हती.

ड्रायव्हरने बस थांबवली आणि न सांगता इंजिन बंद केलं. दार उघडलं. मी बाजूला झाले. मुलगी पायरीवर आली, आईला बघितलं, जवळा बघितला आणि खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागली.

“नको काढू,” आई म्हणाली. “बुटासकट ये.”

मुलीने मान हलवली, नाही म्हणून. आई पुढे आली, खाली वाकली, मुलीचा बूट घातलेला पाय दोन्ही हातांत धरला आणि जवळ्यावर ठेवला. ठेवून वरून दाबला. “दे पाय,” ती म्हणाली. “जोरात दे. मी नाय रागवत. कंदीच नाय रागवनार.” मग दुसरा पाय धरला. मुलगी मोठ्याने रडायला लागली. तो गेल्यापासून तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. रडत रडतच ती आईचा हात धरून सरळ चालत गेली, रस्त्यावरून घरापर्यंत, आणि मागे जवळ्यात त्यांची पावलं उठली.

बाकीची मुलं दारात खोळंबली होती, माझ्याकडे बघत होती. तिने मुलीला ओटीवर बसवलं, परत आली आणि जवळ्यात उभी राहून त्यांच्यापुढे हात केला.

“या रे पोरांनो,” ती म्हणाली. “हा तुडवायलाच घातलाय.”

मागे टेम्पो हॉर्न वाजवत होता. मुलं एकेक करून उतरली, आणि सगळी आपापल्या दारात जाईपर्यंत ड्रायव्हरने बस हलवली नाही.